'हेवेल'साठी मराठी शब्द: अडतीस जागांच्या नोंदी

4 जून

आमच्या वाचनगटाने ठरवलं आहे की पावसाळा संपायच्या आत बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक, म्हणजे हिब्रूतलं 'कोहेलेत' (पुस्तकात बोलणाऱ्याचंही हेच नाव), एका संध्याकाळी सलग मोठ्याने वाचायचं. बारा अध्याय, 222 वचनं. भाषांतर नव्याने करायचं आणि ते कानाने ऐकून कळलं पाहिजे, ही एकच अट. काम चौघांत वाटून घेतलं. माझ्याकडे एकच शब्द आला: हेवेल. हे, बेत, लामेद ही तीन अक्षरं. मधल्या बेतचा उच्चार इथे 'व' होतो.

या नोंदी पुढे कुणी असंच एखाद्या शब्दामागे लागेल त्याच्यासाठी. काय चुकलं ते आधी लिहीन.

मराठी बायबलमध्ये या शब्दाला 'व्यर्थ' आहे. 'व्यर्थ हो व्यर्थ' हे आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत, विशेषतः अंत्यविधीला. म्हणून पहिला विचार हाच होता की हात लावायचं कारण काय? कारण लगेचच मिळालं. 11:10 मध्ये, म्हणजे अकराव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात, तारुण्य आणि काळे केस 'हेवेल' आहेत असं म्हटलं आहे, आणि त्याच वचनात मनातली खंत काढून टाक असं सांगितलं आहे. तारुण्य व्यर्थ असेल तर खंत काढायची कशाला? तारुण्य टिकत नाही, एवढंच तिथे म्हणायचं आहे.

6 जून

तक्ता केला. हेवेल कोहेलेतमध्ये 38 वेळा, 30 वचनांत. एकट्या 1:2 मध्ये पाच वेळा. सगळ्या हिब्रू बायबलमध्ये 73 वेळा, म्हणजे निम्म्याहून जास्त या एका लहानशा पुस्तकात. नेमकं हेच महत्त्वाचं. लेखक एकच शब्द घणासारखा मारत राहतो. भाषांतरात कुठे 'व्यर्थ', कुठे 'निरर्थक', कुठे 'क्षणिक' असं केलं तर तो ठोका ऐकू येणार नाही. म्हणून नियम घालून घेतला: एकच मराठी शब्द, अडतीसही ठिकाणी.

आजची चूक. तक्त्यात 5:6 ला हेवेल दाखवत होतं आणि मराठीत त्या वचनात काहीच सापडत नव्हतं. दोन तास गेले. हिब्रू प्रतीत चौथा अध्याय एका वचनाने लांब आहे, त्यामुळे पाचव्या अध्यायात हिब्रूचं 5:6 म्हणजे आपलं 5:7. स्तोत्रांतही असंच होतं, तिथे मथळ्यालाच बऱ्याचदा पहिलं वचन धरतात. तक्ता करताना दोन्ही क्रमांकांचे रकाने पहिल्या दिवशीच आखा.

11 जून

शब्दाचा मूळ अर्थ. तोंडातून निघणारा उच्छ्वास, वाफ, हवेत विरून जाणारं काहीतरी. यशया 57:13 मध्ये मूर्तींबद्दल म्हटलं आहे की वारा त्यांना उचलून नेईल, हेवेल त्यांना घेऊन जाईल. तिथे वाऱ्याला वेगळा शब्द आहे, 'रूआह'. म्हणजे हेवेलला 'वारा' म्हणता येणार नाही. कोहेलेतमध्येही हे दोन शब्द एकमेकांशेजारी येतात. स्तोत्र 62 मध्ये माणसं तराजूत घातली तर हेवेलपेक्षा हलकी भरतात. स्तोत्र 144 मध्ये माणूस हेवेलसारखा आणि त्याचे दिवस सरत्या सावलीसारखे. नीतिसूत्रांत सौंदर्य हेवेल. यिर्मया 2:5 मध्ये लोक हेवेलमागे गेले आणि स्वतःच हेवेल झाले. तिथे मूर्तिपूजेचा विषय आहे आणि त्याच शब्दाचं क्रियापद करून वापरलं आहे.

हिब्रू बायबलचं जुनं ग्रीक भाषांतर, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, ते करणाऱ्यांनी कोहेलेतसाठी 'मातायोतेस' घेतला: पोकळपणा, निष्फळता. नंतरच्या ग्रीक भाषांतरकारांनी, अक्विला त्यांच्यातला, 'आत्मिस' म्हणजे वाफ केलं. लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम याने चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये बसून कोहेलेतवर टीका लिहिली. त्यात तो हे नोंदवतो आणि म्हणतो की आपण याला धुराची वाफ किंवा लगेच विरणारी हलकी झुळूक म्हणू शकतो. त्याच जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये मात्र 'वानितास' राहिला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचाच 'व्हॅनिटी' झाला. वाफ हा अर्थ सोळाशे वर्षांपूर्वी टेबलावर होता आणि तरी मागे पडला, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं.

15 जून

उमेदवार शब्दांचा दिवस. वहीची तीन पानं भरली.

'माया' पहिल्यांदा सुचला आणि पहिल्यांदा गेला. आपल्याकडे आईची माया असते, आणि 'त्याने बरीच माया जमवली' म्हणजे पैसा. वेदान्ताचं ओझं आहे ते वेगळंच. 'मिथ्या' म्हटलं की वस्तू खरी नाही असं होतं. पण कोहेलेतचे कष्ट खरे आहेत, घाम खरा आहे, रात्री झोप न येणंही खरं आहे. 'फोल' बराच वेळ आवडला होता, दाणा नसलेलं टरफल. पण भुसाला हिब्रूत वेगळा शब्द आहे आणि त्याच्याही उपमा आहेत. दोन्हींची सरमिसळ नको. 'श्वास' अगदी उलटा पडतो. मराठीत श्वास म्हणजे जीव, तो मौल्यवान. 'फुंकर' या शब्दाकडे मी दोन दिवस परत परत येत होते, कारण तो हलका आहे, तोंडाचा आहे, लगेच संपतो. पण आपण फुंकर घालतो ती भाजलेल्या जागेवर, लेकराच्या गुडघ्यावर. त्यात दिलासा आहे. 'सगळं फुंकर आहे' म्हटलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल, आणि कोहेलेतला ते अभिप्रेत नाही.

उरली 'वाफ'. तिची भीती वाटते. स्वयंपाकघरात वाफ ही काम करणारी गोष्ट आहे. पोह्यांना एक वाफ आली की पोहे झाले. मोदक वाफेवर होतात. सर्दी झाली की वाफ घेतो. जी गोष्ट इतकी उपयोगी तिने 'सगळं हातातून निसटतं' हे कसं सांगणार?

19 जून

आज उत्तर घरातच मिळालं. सासूबाई फोनवर कुणाला तरी समजावत होत्या. बराच वेळ बोलल्या, मग फोन ठेवला आणि म्हणाल्या, "त्याच्यापुढे तोंडाची वाफ कशाला दवडायची?"

मी हातातलं काम ठेवून वही उघडली. तोंडाची वाफ दवडणे! तोंडातून निघालेलं, दिसलं न दिसलं तोच विरलेलं, हाती काही न लागलेलं. हेवेलच्या मूळ अर्थात जे आहे ते सगळं या एका मराठी बोलण्यात आधीपासून आहे. वाफेला व्यर्थपणाचा अर्थ मी चिकटवणार नाही, तो मराठीने कधीच देऊन ठेवला आहे. आणि थंडीत सकाळी बोलताना तोंडापुढे दिसते तिलाही आपण वाफच म्हणतो. उच्छ्वास आणि पातेल्यातली वाफ यांना मराठीत एक शब्द, हिब्रूतही एकच.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग यात शोधायचं काय होतं गं?" पंधरा दिवस शोधत होते ते त्यांच्या तोंडी रोज होतं.

22 जून

इस्राएलमधल्या दिमोना गावी राहणाऱ्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, मावशींशी ओळखीतून फोन जोडून मिळाला. लहानपण ठाण्यातलं, मराठी अजून कोकणी वळणाची. मी विचारलं, "मावशी, आज तिकडे हेवेल कशाला म्हणतात?" त्या म्हणाल्या, "बाळ, आता कुणी टाकाऊ बोललं तर म्हणतात, फालतू गोष्ट म्हणून. वाफ कुणाच्या डोक्यात येत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण शाळेतल्या पोरांच्या तोंडाचं हेवेल म्हणतात ना, ते आहे."

तो संदर्भ तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला, शब्बात 119ब. जग टिकून आहे ते शिकणाऱ्या लेकरांच्या तोंडच्या हेवेलमुळे. इथे हेवेल निंदेचा नाही. पोरं धडा म्हणतात तेव्हा तोंडातून निघते ती वाफ. मराठीत जसंच्या तसं बसतं: शाळेतल्या लेकरांच्या तोंडची वाफ. 'व्यर्थ' घालून हे वाक्य करून पाहा, होणार नाही.

याने माझी 15 तारखेची भीतीही गेली. वाफ उपयोगी असणं हा अडथळा नाही, हेवेललाही ती बाजू आहे. कोहेलेत रब्बा नावाच्या जुन्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या टीकाग्रंथात, तर स्वयंपाकघरच आहे. चुलीच्या वाफेत काही दम असतो, पण एकावर एक सात भांडी चढवली तर सगळ्यांत वरच्या भांड्याच्या वाफेत काहीच दम नसतो. 1:2 मधलं 'हावेल हावालीम' हे कोहेलेतचं तसं आहे, वाफेवरची वाफ. हे वाचताना मला मोदकपात्र दिसत होतं.

फोनचा खर्च शून्य, इंटरनेटवरून बोललो. मावशींनी दीड तास दिला.

27 जून

मोठी चूक. मसुद्याच्या फाईलमध्ये 'व्यर्थ' शोधून सगळीकडे 'वाफ' टाकलं, एका झटक्यात. 'व्यर्थता'चं 'वाफता' झालं. शिवाय आमच्या दुसऱ्या सहकाऱ्याने 'यित्रोन नाही', म्हणजे लाभ नाही, या वेगळ्या हिब्रू शब्दाला काही ठिकाणी 'व्यर्थ' लिहिलं होतं, तिथेही वाफ शिरली. जुनी प्रत वेगळी ठेवली नव्हती. तक्ता हातात धरून तीसच्या तीस वचनं एकेक करून दुरुस्त केली. पूर्ण शनिवार गेला. प्रत्येक बदल हाताने करा.

व्याकरणाचाही प्रश्न आला. 'व्यर्थ'ला लिंग नाही, वाफ स्त्रीलिंगी. पुस्तकात परत परत येणारं पालुपद 'गम झे हेवेल', त्याचं 'हीही वाफच' करायचं की 'हेही वाफच'? 'हीही' म्हटलं की आधी कुठल्यातरी वाफेची गोष्ट चालली होती असं वाटतं. 'हेही वाफच' ठेवलं. तीन ठोके, हिब्रूतही तीनच शब्द.

'वाफेसारखं' कुठेही लिहायचं नाही असंही ठरवलं. स्तोत्र 144 मध्ये 'सारखा' आहे, कोहेलेत तो वापरत नाही. तो थेट म्हणतो, सगळं वाफ आहे.

3 जुलै

पहिलं मोठ्याने वाचन, आमच्याच घरी, सहा जण. 5:7 आलं. तिथे हेवेल अनेकवचनी आहे, मी लिहिलं होतं: 'स्वप्नं फार तिथे वाफा फार आणि शब्दही फार.'

वाचून झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "हा वाफा कशाचा, मेथीचा?" चेष्टा नव्हती, त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं. दुसऱ्या अध्यायात कोहेलेत बागा लावतो, झाडं लावतो, पाण्याची तळी करतो, ते त्यांच्या डोक्यात ताजं होतं. कागदावर मला हे दिसलं नव्हतं. वाफेचं अनेकवचन आणि भाजीचा वाफा कानाला एकच.

सहा जणांनी मिळून दुरुस्त केलं: 'स्वप्नं फार, शब्द फार, नुसती वाफ.' अनेकवचन गेलं, अर्थ राहिला. 1:2 मध्येही 'वाफांची वाफ' काढून 'वाफेची वाफ' केलं. हिब्रूतली ही रचना, एकवचनाला अनेकवचन जोडून पराकोटी सांगायची, 'शीर हाशीरीम' म्हणजे गीतांतलं गीत, तिच्यातही आहे. पण मराठीला इथे एकवचनच पेलतं. आता 1:2 असं:

'वाफेची वाफ, कोहेलेत म्हणतो, वाफेची वाफ, सगळं वाफ.'

मोजलं. पाच वेळा वाफ. मुळात पाचच.

9 जुलै

मंडळीतले एक निवृत्त पाळक आले. त्यांना बदल आवडला नाही आणि त्यांनी ते प्रेमानेच सांगितलं. "बाई, चाळीस वर्षं मी कबरीपाशी उभा राहून 'व्यर्थ हो व्यर्थ' वाचलं आहे. लोकांना त्या शब्दाने रडू येतं. वाफेने येईल का?"

मला लगेच बोलता आलं नाही. रात्री विचार केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना लिहून पाठवलं ते इथे ठेवते. 'व्यर्थ' हा निकाल आहे. शब्दातच सांगितलं आहे की अर्थ नाही. वाफ हे चित्र आहे, निकाल ऐकणाऱ्याने द्यायचा. कोहेलेत कधी म्हणतो हेवेल म्हणून मला जगण्याचा वीट आला (2:17), कधी म्हणतो हेवेल म्हणूनच आवडत्या बायकोबरोबर सुखाने जग (9:9). व्यर्थ म्हटलं की दुसरं वाक्य बंद होतं. 'तुझ्या व्यर्थ आयुष्याचे सगळे दिवस' हे मी माझ्या नवऱ्याला म्हणू शकणार नाही. 'तुझ्या वाफेच्या आयुष्याचे सगळे दिवस' म्हणू शकते. मातीचं घर म्हणतो तसं, वाफेचं आयुष्य.

त्यांचं उत्तर आलं: "9:9 मान्य. अंत्यविधीला मी जुनंच वाचणार." यावर मीही हट्ट धरला नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं सगळं बायबल मराठीत आणलं. त्या 1922 मध्ये गेल्या, ते 1924 मध्ये छापून निघालं, आणि तरी मंडळ्यांत दुसरंच भाषांतर वाचत राहिले. कानाला सवय झालेला शब्द सहजासहजी हलत नाही, हलावाच असंही नाही.

16 जुलै

हेवेलचा जोडीदार: 'रेऊत रूआह'. हा सात वेळा येतो. रूआह म्हणजे वारा. रेऊतच्या मुळाशी गुरं चारणं, राखणं हा अर्थ धरला जातो. होशेय 12 मध्येही एफ्राईम वाऱ्याला चारतो आणि पूर्वेच्या वाऱ्यामागे धावतो. आधी 'वारा वळणे' लिहिलं, गुरं वळतात तसं. सगळ्यांना वाटलं वाऱ्याने दिशा बदलली. 'वारा राखणे' केलं, शहरातल्यांना वाटलं शिल्लक ठेवणे. 'वारा हाकणे' सगळ्यांना कळलं, गटात गुरं पाहिलेली होती त्यांना आणि नसलेल्यांनाही. 'हेही वाफच, वारा हाकणंच.' गप्पा हाकण्याचा आवाजही त्यात येतो, तो आला तर येऊ दे.

24 जुलै

सगळ्यांत उशिरा लक्षात आलेली गोष्ट, आणि याचा मला फार पश्चात्ताप आहे. मी शब्द शोधत होते बायबलच्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँग यांच्या सूचीतल्या क्रमांकाने, 1892. त्याच्या पुढचाच क्रमांक 1893 मी उघडलाच नव्हता. तो आहे विशेषनाम: हेवेल. काइनाचा भाऊ. आपण त्याला हाबेल म्हणतो.

उत्पत्ती 4 मध्ये काइनाच्या नावाचा अर्थ आई सांगते. धाकट्याच्या नावाचा कुणी सांगत नाही. तो जन्मतो, मेंढरं राखतो, अर्पण आणतो, मारला जातो. जिवंतपणी त्याच्या तोंडचा एक शब्दही नोंदलेला नाही. हिब्रू ऐकणाऱ्याला 'सगळं हेवेल' ऐकताना तो पोरगा आठवत असेल. ज्याने चांगलं अर्पण आणलं तोच आधी गेला, आणि कोहेलेतची तक्रार याहून वेगळी कुठे आहे?

मराठीत हे आणायला वाट नाही. हाबेलचं नाव बदलता येत नाही आणि वाफेला हाबेल करता येत नाही. वाचनाच्या आधी दोन वाक्यांत तोंडी सांगायचं ठरलं. एकाच स्पेलिंगचे शेजारचे क्रमांक पहिल्या दिवशी पाहा.

30 जुलै

8:14. अडतीसांत ही जागा अजून बसत नाही. 'पृथ्वीवर एक हेवेल घडतं': दुर्जनांच्या वाट्याला यायचं ते सज्जनांच्या वाट्याला येतं आणि सज्जनांचं दुर्जनांच्या. इथे ते विरून जाणारं नाही. ते अन्यायाचं आहे आणि डोक्यात बसत नाही असं आहे. बायबलचे अभ्यासक मायकेल फॉक्स यांनी 1986 मध्ये हेवेलचा अर्थ 'विसंगत, बुद्धीला न पटणारं' असा मांडला, तो अशाच जागांवरून. ही जागा पाहिली की त्यांचं म्हणणं पटतं. 'पृथ्वीवर एक वाफ घडते' हे मराठी नाही. 'अंधेर' लिहून पाहिलं, फार छान बसलं, पण नियम मोडला. चार संध्याकाळी याच वचनावर गेल्या. सध्या: 'पृथ्वीवर चालतं त्यातली ही आणखी एक वाफ.'

7:6 मात्र आपोआप बसलं. भांड्याखाली काटे तडतडतात तसं मूर्खाचं हसणं, हेही वाफच. मुळात काटे आणि भांडं यांचा यमकासारखा खेळ आहे, सीरीम आणि सीर. तो गेला. पण भांड्याशेजारी वाफ आल्यावर ओळ स्वतःच शिजल्यासारखी झाली.

8 ऑगस्ट

वाचनासाठी बारा प्रती काढल्या. 18 पानं, दोन रुपये पान, 432 रुपये. घरी आणल्यावर दिसलं की 12:8 ला मी 1:2 च चिकटवलं होतं. तो घाईचा परिणाम. मुळात शेवट वेगळा आहे: सुरुवातीला पाच हेवेल, शेवटी तीन. त्याच्या आधीच्या वचनात माती मातीत परत जाते आणि रूआह (इथे प्राण) देणाऱ्याकडे परत जातो. तिथे आवाज खाली आलेला आहे. 'वाफेची वाफ, कोहेलेत म्हणतो, सगळं वाफ.' शेवटचं पान पुन्हा छापलं, आणखी 24 रुपये.

17 ऑगस्ट

वाचन झालं. चौदा जण होते, प्रती दोन कमी पडल्या. बाहेर मुसळधार, खिडक्या बंद, आणि साधारण पाऊण तासात संपलं. पाळकसाहेब मागे बसले होते. 'हेही वाफच' चौथ्या-पाचव्यांदा आलं तेव्हापासून दोघी-तिघी ते वाचणाऱ्याबरोबर पुटपुटायला लागल्या. सांगितलं नव्हतं कुणी.

8:14 ला वाचणारी अडखळली. तिच्या प्रतीत मी पेन्सिलने 'अंधेर?' लिहून खोडलं होतं, ते तिला दिसलं. तिने क्षणभर थांबून 'वाफ' वाचलं. नंतर दोघांनी येऊन त्या वाक्याचा अर्थ विचारला. म्हणजे ती जागा अजून दुरुस्त करायची आहे. कुणाकडे बरं वाक्य असेल तर हवं आहे, वाफ मात्र त्यात राहिली पाहिजे.